उभी बाटली, आडवी बाटली

चिखली

आयर्लंडहून परतल्यापासून माझ्या मेसमधलं प्रत्येक पोरगं ताटावर बसलं की एकच विचारतं, "काकू, खरं सांगा, तिथं जाऊन घेतली का नाही?" आणि बाकीची फिदीफिदी हसतात. प्रत्येकाला उत्तर देऊन माझं तोंड दुखायला लागलं. तेव्हा सगळा प्रवास एकदाचा लिहूनच टाकते. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं आणि मग गुमान जेवावं.

ही पोरं का हसतात ते आधी सांगते. चिखलीत माझी मेस आहे. चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेली पोरं, कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी पार सावंतवाडीचं, शिफ्ट सुटली की माझ्याकडे जेवतात. माझा नियम एकच. पिऊन आलेल्याला ताट नाही, मग तो ओव्हरटाइम करून आलेला असो नाहीतर साहेबाच्या शिव्या खाऊन. मागे आमच्या कोपऱ्यावर दारूचं दुकान निघालं तेव्हा मी आणि शेजारच्या मंदाकाकूंनी वॉर्डातल्या बायका गोळा केल्या, सह्या केल्या, मतदान मागून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या मतपत्रिकेवर माणसांची नावं नसतात, दोन बाटल्या असतात. दुकान राहू द्यायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं तर आडव्या बाटलीवर. आम्ही दारोदार फिरून घसे बसवून घेतले. बाटली आडवी झाली, दुकान उठलं, आणि तेव्हापासून मला अख्खी कॉलनी 'आडव्या बाटलीवाल्या काकू' म्हणते.

आणि या आडव्या बाटलीवाल्या काकूच्या एकुलत्या एक लेकीनं, ऋतुजानं, फोनवर सांगितलं की तिला ज्याच्याशी लग्न करायचंय त्याच्या घरी व्हिस्कीची भट्टी आहे.

ऋतुजा इंजिनियर. चाकणला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत होती, तिथून त्यांनी तिला आयर्लंडमधल्या कॉर्क गावी पाठवलं. तिथं एका नव्या भट्टीत व्हॉल्व्ह बसवायला गेली आणि भट्टीवाल्या डेक्लनमध्ये जीव गुंतवून बसली. पोरगा परका, गोरा, दुसऱ्या धर्माचा. हे सगळं मी एका रात्रीत गिळलं असतं. पण भट्टी? माझ्या घशाखाली उतरेना.

माझा बाप प्यायचा. अंबाजोगाईच्या पुढं आमचं गाव. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्याच्या सायकलची घंटी वाजली की आम्ही भावंडं ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसायचो. घंटी सरळ वाजली तर बरा दिवस, अडखळत वाजली तर आईचा जीव धोक्यात. अजून रस्त्यात तशी घंटी ऐकली की ती सरळ वाजते का अडखळत, ते मी आधी ऐकते. दारूच्या घरात माझी पोर द्यायची नाही, हे मी ऋतुजा जन्मायच्या आधी ठरवलेलं.

आमचे हे मात्र शांत. यांची उभी नोकरी चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला गेली, आता रिटायर झालेत. मला म्हणाले, "सुनंदा, माल न बघता रिजेक्ट करता येत नाही. आधी जाऊन बघू."

"बघायचं काय त्यात? नाही म्हणायला फोन पुरतो."

"फोनवर नाही म्हणशील तर पोरगी जन्मभर म्हणेल, आईनं बघितलंसुद्धा नाही."

मी तिकिटं काढायला सांगितली. मंदाकाकू या चिखलीच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. त्या बॅग भरायला मदतीला आल्या आणि चिंच, गूळ, येसर मसाला सगळं पिशव्यांत बांधता बांधता बजावून गेल्या, "जा बाई, पर व्हय म्हनू नगंस. आमी कॉलनीत कुनाला तोंड दावायचं?" मी म्हटलं, काळजी करू नका, मी नाही म्हणायलाच चालले आहे.

कॉर्क

विमानाचं काही लिहीत नाही. गुडघे दुखले एवढंच.

बाहेर आलो तर डेक्लन उभा. ताडमाड, तांबूस केसांचा, गालांवर पाऊस पडून गेल्यासारखे ठिपके. ऋतुजानं शिकवून ठेवलं असणार, तो वाकून माझ्या पाया पडला, यांच्या पाया पडला आणि त्या गोंधळात ऋतुजाच्याही पाया पडला. मी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. ठरवून आले होते की हसायचं नाही, आणि पहिल्या मिनिटालाच घात झाला.

त्यांचं गाव कॉर्कच्या पुढं समुद्राकडे. रस्ताभर इतकं हिरवं की डोळे निवले. हे म्हणाले, "श्रावणातलं लोणावळा आहे गं, फक्त गर्दी नाही." मी म्हटलं, "आणि भजीही नाहीत." पाऊस तिथं येतो नि जातो, कुणी त्याचं मनावर घेत नाही. संध्याकाळची जेवणं झाली तरी बाहेर लख्ख ऊन. आमच्या यांनी घड्याळ तीन वेळा कानाला लावून बघितलं.

डेक्लनची आई नोरा, वडील शेमस. नोरा माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ. तिनं मला मिठी मारली ती सोडेचना. शेमस उंच आणि मितभाषी. एका मोठ्या भट्टीत तो आयुष्यभर दारू गाळायच्या भांड्यांवर कामाला होता. आता पोरानं दोन मित्रांबरोबर स्वतःची छोटी भट्टी काढली आहे, तिथं रोज सकाळी जाऊन तो 'नुसता बघतो'. नुसता बघणारा बाप कसा असतो ते मला माहीत आहे. आमचे हे पण माझ्या स्वयंपाकघरात नुसते बघतात.

नोरानं चहा विचारला. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा आग्रह केला आणि मी बरं, अर्धा कप म्हटलं. ऋतुजा हसायला लागली. म्हणाली, "आई, इथंही अगदी हीच पद्धत आहे. पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस हावरट समजतात." मला फार बरं वाटलं. ऋतुजा जिथं जाईल तिथं निदान नको म्हणायची तरी सोय आहे.

जेवायला उकडलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि कुस्करलेला बटाटा, असे तिन्ही एकाच ताटात. पण त्यांचा ब्राऊन ब्रेड मात्र सुरेख. ताक आणि सोडा घालून मळतात, यीस्ट नाही, आंबवणं नाही, लगेच ओव्हनमध्ये. वर बोटभर लोणी. भाकरी-लोण्याची सवय असलेल्या माणसाला तिथं उपाशी राहायची भीती नाही. दुसऱ्या दिवशी मी येसर घालून चिंच-गुळाची आमटी केली. शेमसचं कपाळ घामानं डबडबलं, नाक लाल झालं, तरी तो वाटी पुढं करत राहिला. नोरा म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, याला मी कधी दोनदा मागताना बघितलं नाही." मला आनंद झाला. मग आठवलं की मी नाही म्हणायला आले आहे, आणि गप्प बसून भांडी विसळायला लागले.

गिरणी

डेक्लनची भट्टी नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत आहे. मी पायऱ्या चढताना मनात भांडणाची तयारी करत होते. डोळ्यांसमोर गावाकडची हातभट्टी, ओढ्याकाठी झुडपांत लपवलेले डबे, गुळाचा कुजका वास. आत गेले तर वास आला पेजेचा. अगदी आजारी माणसाला देतो तशा सातूच्या पेजेचा. जव, म्हणजे आपले सातूच, भरडून गरम पाण्यात भिजवलेले.

पलीकडच्या दालनात तांब्याची तीन भांडी. प्रत्येक भांडं दोन माणसं आत बसतील एवढं, पोट गोल, वर लांब मान, आणि मान वाकून शेजारी गेलेली. आमच्या लहानपणी अंघोळीच्या पाण्याचा बंब असायचा, तोच कुणीतरी खाऊपिऊ घालून पोसलाय असं वाटलं. आमचे हे जवळ जाऊन सांध्यावरून बोट फिरवून आले आणि म्हणाले, "वेल्डिंग बघ सुनंदा. एक नंबर." यांना पोरगा पास झाला ते माझ्या तिथंच लक्षात आलं.

डेक्लन समजावून सांगत होता आणि ऋतुजा मराठीत आणत होती. या व्हिस्कीत अर्धे जव मोड आणून वाळवलेले घालतात आणि अर्धे तसेच कोरडे. ही चाल आयर्लंडचीच. फार पूर्वी इंग्रजांच्या राज्यात मोड आलेल्या जवांवर कर बसला. आयरिश माणसानं डोकं लढवून कोरडे जव मिसळायला सुरुवात केली. पण त्यानं चव दाट आली, जिभेवर सायीसारखी राहणारी आणि मागून मिरीसारखी चुरचुरणारी. पुढं कर गेला, कोरडे जव राहिले. "मटकीत थोडी बिनमोडाची टाकली की रश्शाला दाटपणा येतो, तसंच झालं की," मी म्हटलं. डेक्लननं ते ऋतुजाकडून दोनदा समजून घेतलं. म्हणाला, आता येणाऱ्या पाहुण्यांना मी असंच सांगणार.

"एके काळी गावोगाव अशा भट्ट्या होत्या," शेमस म्हणाला. "माझ्या जवानीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आता ही पोरं पुन्हा पेटवतायत." व्हिस्कीचं मूळ आयरिश नाव 'इश्का बाहा', म्हणजे जीवनाचं पाणी. मी म्हटलं, आमच्याकडं पाण्यालाच जीवन म्हणतात, तुम्ही फार फिरून आलात. शेमस पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मग मी मुद्द्याचं विचारलं. "यातली पहिल्या धारेची कुठं जाते?"

ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. हा शब्द आईच्या तोंडी तिनं कधी ऐकला नव्हता. माझा बाप ओठ पुसत हाच शब्द उच्चारायचा, 'पहिल्या धारेची हाय', आणि त्याच्या जिवलगांमध्ये त्याहून मोठं कौतुक नव्हतं. डेक्लन म्हणाला, पहिली धार आम्ही पेल्यात येऊच देत नाही, ती वाईट असते, डोक्यात जाते. शेवटचीही वेगळी काढतो. दोन्ही पुन्हा भांड्यात ओतायच्या. फक्त मधली धार ठेवायची, आणि तीसुद्धा तीन भांड्यांतून फिरून आलेली. माझा बाप आयुष्यभर ज्याला अमृत म्हणत होता ते ही माणसं बाजूला सारतात, हे ऐकून मला त्याचा राग आला आणि पहिल्यांदाच थोडी कीवही आली.

मधली धार कधी सुरू झाली ते शेमस वासावर सांगतो. त्यानं थोडी तळहातावर घेतली, हात चोळले, नाकाशी धरले. मग माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले. मी चोळून वास घेतला. भिजलेला जव, हिरवं सफरचंद, आणि मागं किंचित मिरी. तर पोरांनो, हे तुमचं उत्तर. घेतली, पण तळहातावर. तुमच्या काकांनी मात्र माझी पाठ वळल्याबरोबर एक घोट मारला आणि "आयला, हे वेगळंच आहे राव," असं म्हणून ठसका लागून पकडले गेले.

शेवटी पिंपांच्या कोठारात गेलो. थंड, अंधारं, आणि ओकच्या लाकडाची पिंपं ओळीनं निजवलेली. सगळी आडवी! मी म्हटलं, बाई गं, इथं तर माझ्याच पक्षाचं सरकार आहे. डेक्लननं सांगितलं, पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. "प्रोसेस लॉस," आमचे हे म्हणाले.

रविवार

सगळं चांगलंच होतं, आणि त्यामुळेच मला झोप लागेना. चांगल्या तांब्यानं, चांगल्या वासानं काय होतं? शेवटी पोटात गेल्यावर ती दारूच. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर हा पोरगा दार कसं वाजवेल, ते मला कोण सांगणार?

रविवारी सकाळी शेमस आणि नोरा चर्चला गेले, पोरं गिरणीत, हे अंथरुणात. मला रिकामं बसता येत नाही. मागच्या पडवीत छत्र्या आणि काठ्या खोवलेलं एक बुटकं भांडं होतं, काळंकुट्ट. खरवडून बघितलं तर आत तांबं. मला कसंतरीच झालं. एवढं चांगलं घर, आणि तांब्याची ही दशा! म्हटलं, पाहुणचार घेतोय, एवढं तरी करावं. चिंच माझ्याकडे होतीच. मीठ शोधायला नोराचं कपाट उघडलं, तर साखरेच्या डब्यामागं व्हिस्कीची एक बाटली दिसली. अर्धी. खांद्यावर धूळ बसलेली.

मी ती उजेडाला धरून उभी राहिले. दारुड्याच्या घरात बाटली रिकामी असते, नाहीतर नसते. अर्ध्यावर सोडलेली आणि धूळ खाल्लेली बाटली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. तशीच परत ठेवली आणि मीठ घेऊन पडवीत आले.

मग बाह्या सरसावल्या. चिंच कोळून मीठ लावून असं घासलं की विचारू नका. काजळी थरांवर थर निघत गेली. खालून तांबं उगवलं, ठोक्यांच्या खुणांसकट, लालभडक. एका कुशीला वीतभर लांब ठिगळ होतं, रिव्हेट मारून बसवलेलं. तेही चकचकीत केलं. उन्हात ठेवून मी कंबरेवर हात देऊन बघत होते, तेवढ्यात सगळे आले.

नोरानं तोंडावर हात ठेवला. डेक्लनचा चेहरा पडला. ऋतुजा हळूच म्हणाली, "आई, काय केलंस गं हे?"

शेमसनं भांड्याकडे बघितलं, फाटक उघडलं आणि समुद्राकडे चालायला लागला.

ते भांडं म्हणजे त्यांची घरची हातभट्टी. आयरिशमध्ये 'पोचीन', म्हणजे छोटं भांडं, आणि त्यात गाळलेल्या चोरट्या दारूचंही तेच नाव. शेमसच्या आज्यापासून चालत आलेलं. काळा रंग पिढ्यापिढ्यांच्या धुराचा. डेक्लन ते पुढल्या महिन्यात गिरणीच्या दारात मांडणार होता, तसंच्या तसं. पाहुण्यांना सांगायची गोष्टही ठरलेली होती, की पोलिसांनी छापा घातला आणि कुऱ्हाडीनं भांडं फोडलं. आणि चिखलीच्या काकूनं एका सकाळी सगळा इतिहास चिंचेनं धुऊन टाकला.

मी पडवीच्या पायरीवर बसले. हे बनियनवर बाहेर आले, सगळं बघून म्हणाले, "घासलंय मात्र छान." त्यांना मी अशा नजरेनं बघितलं की ते आत गेले. मनात एकच, आता हे लोक नाही म्हणतील. तिकडून नकार येईल. ज्या नकारासाठी मी समुद्र ओलांडून आले होते तो आयता मिळत होता, आणि मला रडू फुटत होतं. तेव्हा कळलं मला, की मला हे लग्न हवंय. कधीपासून हवं होतं कोण जाणे.

बऱ्याच वेळानं शेमस परतला. भांड्यापाशी उकिडवा बसला आणि ठिगळावरून अंगठा फिरवायला लागला. वातावरण हलकं करायला डेक्लन म्हणाला, "निदान पोलिसांच्या कुऱ्हाडीची खूण तरी आता स्पष्ट दिसते."

माझ्या तोंडाला कुठं लगाम आहे? मी ऋतुजाला म्हटलं, "विचार त्यांना, पोलिसांनी पकडलं असतं तर भांडं घरात राहिलं कसं? आमच्या गावात धाड पडली की पोलीस आधी भांडी उचलून नेतात, मग माणसं."

ऋतुजानं घाबरत घाबरत विचारलं. शेमसनं माझ्याकडे बघितलं.

"पोलीस नव्हते," तो म्हणाला. "माझी आई होती."

डेक्लनला हे माहीत नव्हतं. शेमस भांड्याशीच बोलत राहिला. बाप प्यायचा. रात्री रस्त्यावरून त्याचं गाणं ऐकू आलं की पोरं जिन्याखाली लपायची. गाणं नीट असेल तर ठीक, शब्द चुकायला लागले की आई दार लावून घ्यायची. एका रविवारी ती चर्चहून आली, लाकडं फोडायची कुऱ्हाड घेतली आणि भांड्यावर घातली. बापानं नंतर स्वतःच ठिगळ मारलं, पण पुन्हा कधी पेटवलं नाही. लोकांना सांगितलं पोलिसांनी फोडलं, कारण बायकोनं फोडलं म्हणायची लाज.

"मग सुटली त्याची?" मी विचारलं.

"छे! पबपर्यंत चालत जायला लागला."

नोरा हसली आणि मीही हसले, कारण आमचं दुकान उठल्यावर माझ्या मेसमधली दोन पोरं पुढच्या वॉर्डात जायला लागली होती. मग मी विचारलं, असं असून तुम्ही भट्टीवरच का गेलात? शेमस म्हणाला, "माझ्या बापाला कुणी हरवलं ते मला बघायचं होतं. आयुष्यभर वास घेतला. त्यात जव आणि पाणी आहे. बाकीचं त्याचं त्याचं होतं."

मी म्हटलं, "सायकलची घंटी."

ऋतुजा म्हणाली, "काय?"

"त्यांना सांग. तुमच्याकडं गाणं होतं, आमच्याकडं सायकलची घंटी होती. आम्ही ज्वारीच्या पोत्यांमागं लपायचो."

ती भाषांतर करायचंच विसरून गेली. आजोबा 'तापट होते' एवढंच मी तिला सांगितलं होतं. मग तिनं सांगितलं, अडखळत, डोळे पुसत. शेमसनं माझ्या चिंचेनं लाल झालेल्या हातावर हात ठेवला. नोरानं चहा विचारला आणि मी पहिल्याच वेळी हो म्हटलं.

चहा पिताना मी कपाटातल्या बाटलीचं विचारून घेतलं. नोरा आठवायला लागली. थोरल्या लेकीच्या मुलाच्या बारशाला उघडली होती, तिथल्या पद्धतीच्या. नातू आता शाळेत जातो. "का, हवी होती का?" तिनं विचारलं. मी कानाला हात लावला.

त्या भांड्याचं काय करायचं यावर बापलेकांची वादावादी झाली. शेवटी ठरलं की ते असंच चकचकीत दारात मांडायचं आणि गोष्ट खरी सांगायची. डेक्लननं मला विचारलं, दर महिन्याला घासायला चिंच पाठवाल का? मी म्हटलं, बघू.

चिखली, पुन्हा

निघताना शेमसनं एक बाटली हातात दिली. मी ती बॅगेत कपड्यांच्या घड्यांत निजवायला गेले तर तो म्हणाला, प्रवासात चालेल, पण घरी गेल्यावर उभी ठेवा. पिंप आडवं, बाटली उभी. बाटली आडवी राहिली तर आतला माल बुचाला खातो. ऋतुजानं हे मराठीत सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज बदलला. विमानतळावर तिनं विचारलं, "आई, काय ठरवलंस?" मी म्हटलं, "घरी जाऊन सांगते." ती ओठ चावत उभी राहिली. पण अशा गोष्टी गर्दीत सांगायच्या नसतात.

घरी आल्यावर बाटली बाहेर काढली. फडताळात ठेवायला हात गेला आणि तिथंच थांबला. आमच्या घरात बाटली! बापाची आठवण झाली, आईची झाली. यांनी विचारलं, "काय इन्स्पेक्शन रिपोर्ट?" मी म्हटलं, "गप बसा," आणि बाटली फडताळात ठेवून दिली.

तेवढ्यात मंदाकाकू आल्या. दारातूनच, "आलीस का बाई? न्हाई म्हनलीस ना?" आणि नजर फडताळावर. "अगं बया! ही काय? आनि उभी?"

"उभीच ठेवायची असते, काकू. आडवी ठेवली की बूच सडतं."

त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघींनी मिळून उन्हातान्हात घरं पालथी घातलीत, त्यांना जास्त सांगावं लागत नाही. "पोरगा पितो का?" त्यांनी विचारलं.

"पितो. उरवतो."

"उरवतो?" त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा नवरा पिऊनच गेला. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पर नियम त्यालाबी लागू."

"जावई असला तरी. पिऊन आला तर ताट नाही."

मग मी मोबाईल काढला, फडताळातल्या बाटलीचा फोटो काढला आणि ऋतुजाला पाठवला. वर काही लिहिलं नाही. मतदानाच्या वेळी ती कॉलेजात होती, घरोघरी आमच्या चिठ्ठ्या तिनंच वाटल्या होत्या.

लगेच फोन आला. आधी नुसतं नाक ओढणं ऐकू आलं.

"आई," ती म्हणाली, "शिक्का कुठं मारलास?"

"फोटो नीट बघ," मी म्हटलं. "उभी आहे."